आईला आधी बसवून बघा

पत्र असं आहे:

‘आम्ही म्हापशात राहतो. मूळ घर गोव्यातच सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला लागून. दर शनिवारी जातो. मुख्य रस्ता सुटल्यावर पाऊण किलोमीटर कच्ची वाट, मध्ये व्हाळ म्हणजे ओढा, व्हाळ ओलांडला की घराची चढण. आमची २००८ ची बोलेरो थकली आहे. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून पुढची पाच वर्षं मिळवली, ती २०२८ ला संपतील. खालून पत्रा गेलाय, दुसऱ्या गिअरला ओरडते. गेल्या पावसात दोनदा चढणीवर अडकलो. त्यातल्या एकदा चवथीच्या आदल्या दिवशी, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान गाडीत, आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणावा लागला. म्हापशाच्या घरात आम्ही नवराबायको, दोन मुलं आणि आई. आईचं वय ७४, गुडघे दुखतात. गावच्या घरी धाकटा भाऊ असतो. सेकंडहँड फोर बाय फोर घ्यायची ठरवलंय, बजेट साडेनऊ लाख. मुलाला थार हवी. २०२१ ची एक साडेनऊला आलीय, आधी रेंट-अ-कारमध्ये होती. दुसरी २०१२ ची फॉर्च्युनर, दिल्लीची, साडेआठला. बायको म्हणते दोन्ही नकोत, साधी छोटी गाडी घेऊ, पावसात ती व्हाळाच्या अलीकडे ठेवू आणि चालत जाऊ. काय करावं?’

वहिनींचं म्हणणं तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलंत. या पत्रात हिशोब करून बोललेलं माणूस मला तेवढं एकच दिसतं. वर्षाचे बावन्न शनिवार धरा. त्यातले तुम्हाला अडचणीचे किती? जूनच्या मध्यापासून चवथीपर्यंतचे, म्हणजे दहा-बारा. त्या दहा-बारा दिवसांतल्या पाऊण किलोमीटरसाठी उरलेलं वर्षभर जादा लोखंड म्हापशाच्या बाजारातून फिरवायचं. फोर बाय फोर घेणारा हा हिशोब सहसा करत नाही. फक्त वहिनींच्या हिशोबात एक माणूस बसत नाही. गुडघे दुखणारी ७४ वर्षांची बाई शेवाळलेल्या चिऱ्यांवरून पाऊण किलोमीटर चालणार नाही. आणि वाळपईचा पाऊस वर्षाला दीडशे इंच ओलांडतो, तो काही अंगणात शिंपडल्यासारखा पडत नाही. तेव्हा गाडी हवी, ती घरापर्यंत जाणारी हवी, इथवर तुमचं बरोबर.

आता तुम्ही अडकलात का, ते बघू. बोलेरोला ताकद मागच्या चाकांवर, वजन पुढे इंजिनावर. मागे कोणी बसलेलं नसलं की चढणीवर मागचं चाक ओल्या चिऱ्यावर नुसतं फिरतं. माटोळीचं सामान म्हणजे सुपारीची कातरं, नारळाची एखादी पेंड, रानातल्या वेली. त्याला वजन ते किती! गावातले जुने ड्रायव्हर पावसात मागे रेतीच्या दोन गोणी टाकून ठेवतात, त्याचं कारण हेच. टायर कोणते होते, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बोलेरोच्या वयाकडे बघता गुळगुळीत असावेत, असा माझा संशय आहे. घासलेला टायर आणि शेवाळ एकत्र आले की चारही चाकांना ताकद दिलीत तरी चारही चाकं जागच्या जागी फिरतील.

फोर बाय फोर या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकीत ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी असते, तिला वेगळी लो रेंज असते. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ फोर व्हील ड्राइव्ह, सफारी स्टॉर्म फोर बाय फोर, फॉर्च्युनर या त्यातल्या. लो टाकली की गाडी बैलासारखी हळू चढते आणि उतरताना ब्रेक न दाबता इंजिनाच्या जोरावर स्वतःला आवरते. दुसरीत लो नसते, पण पुढची चाकं घसरायला लागली की मागच्या चाकांनाही ताकद जाते. रेनो डस्टरची एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह) ही त्यातली. खडक, दगडधोंडे, एक चाक हवेत जाईल असे खड्डे असतील तर पहिला प्रकार घ्यावा. चिखल, शेवाळ, रेती एवढंच असेल तर दुसरा पुरतो. तुमची बोलेरो मागच्या दोन चाकांवर अठरा वर्षं ती चढण चढते आहे, म्हणजे चढण भयंकर नाही, निसरडी आहे. हा फरक आधी मनात पक्का करा, कारण विकणारा तुम्हाला तो सांगणार नाही.

म्हणून माझं मत: २०१५ ते २०१८ मधली डस्टर एडब्ल्यूडी, ११० पीएसचं डिझेल, खाजगी मालकाची, शक्यतो गोव्यातलीच नोंदणी. तुमच्या बजेटमध्ये ती बसते आणि वर पैसे उरतात. नाव ऐकून मुलगा नाराज होईल, ते मला कळतं. पण ती रोज चालवताना कारसारखी वाटते. खालून २०० मिलिमीटरच्या वर मोकळी आहे, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, आणि लो रेंजची उणीव तिच्या पहिल्या गिअरने बरीच भरून काढली आहे. तो गिअर इतका छोटा आहे की इंजिन हजार फेऱ्यांवर असताना गाडी ताशी जेमतेम सहा किलोमीटर जाते. शहरात लोक तिला दुसऱ्या गिअरवरच उचलतात, पहिला चढणीसाठी राखीव. डॅशबोर्डवरच्या खटक्यावर तीन जागा आहेत: टू व्हील, ऑटो, लॉक. व्हाळाच्या अलीकडे लॉक करायचं, अंगणात पोचल्यावर सोडायचं.

पण माझ्या मताचं खरं कारण तुमची आई. थार असो की जिम्नी, चारच सीट. घरात माणसं पाच. इथेच तो विषय संपायला हवा होता, पण उत्साहात माणूस मोजायला विसरतो. वर थारला दोनच दारं, म्हणजे पुढची सीट वाकवून मागे शिरायचं. आईला पुढे बसवाल म्हणता? पायरी केवढी उंच आहे, ती एकदा बघा. पाच दारांची थार रॉक्स २०२४ च्या ऑगस्टमध्ये आली, फोर बाय फोर घ्यायची तर ती तुमच्या पैशांत अजून बरीच वर्षं येणार नाही. स्कॉर्पिओ आणि स्टॉर्मलासुद्धा फूटबोर्ड लावावा लागतो आणि हाताला दांडा धरून अंग वर खेचावं लागतं. तेव्हा कुठलीही गाडी ठरवण्याआधी आईला घेऊन जा आणि तिला एकटीला चढून, बसून, उतरायला सांगा. मदत करू नका. कमरेच्या उंचीची सीट असेल तर माणूस टेकतो आणि पाय आत घेतो. त्याहून वर असेल तर गुडघ्यावर सगळा भार येतो. माझ्या सासूबाईंनी अशीच एक मोठी गाडी तिसऱ्या दिवशी नाकारली होती. देवळात जायला रिक्षाच बरी म्हणाल्या, आणि आम्ही सातजणांची गाडी दोघंच फिरवत राहिलो.

डस्टरमध्ये सुपारीची पोती, केळ्यांचे घड आणि फणस कुठे ठेवायचे, असं विचाराल. बोलेरो विकू नका. तिला आता फार कोणी देणारही नाही. २०२८ पर्यंत कागद आहेत, भावाकडे गावी राहू द्या. कुळागर ते वाळपई बाजार एवढं काम ती डोळे मिटून करील. विमा मात्र चालू ठेवा, निदान थर्ड पार्टीचा. गावातच फिरते म्हणून विमा नको, असं म्हणणारे पुढे कोर्टाच्या पायऱ्या मोजतात.

डस्टरची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी दलाल ठरेन. महिंद्राचा मेस्त्री वाळपईत, साखळीत, कुठेही मिळतो. डस्टरच्या मागच्या कपलिंगला, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या भागाला, हात लावणारा तुम्हाला म्हापसा-पणजीकडेच शोधावा लागेल. तुम्ही म्हापशात राहता म्हणून मी हे नाव घेतलं, गावीच राहणारे असता तर घेतलं नसतं. डिझेल डस्टर २०२० मध्ये बीएस-सिक्सचे प्रदूषणाचे नियम आल्यावर बंद झाली, तेव्हा काही भाग मागवून वाट बघावी लागेल. इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. मागच्या मालकाकडे तो बदलल्याचं बिल नसेल तर गाडी घेतल्या आठवड्यात बदला. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत. पुढचे दोन नवे आणि मागचे दोन जुने असले की चाकांच्या फेऱ्यांत कायम थोडा फरक राहतो आणि तो कपलिंगला सोसावा लागतो.

आई म्हणाली की उंच गाडी चालेल, भाऊही बरोबर येतो, माणसं सहा-सात होतात, तर मग स्कॉर्पिओ एस १० फोर व्हील ड्राइव्ह बघा. २०१४ नंतरच्या मॉडेलमधली. हाताशी मेस्त्री, हाताशी सामान आणि लो रेंज. सफारी स्टॉर्मही वाईट नाही, किंमत कमी येते, पण ती २०१९ मध्ये बंद झाली आणि इलेक्ट्रिकच्या कुरबुरी सांगणारे मला बरेच भेटले आहेत.

आता तुम्हाला आलेल्या दोन गाड्या.

फॉर्च्युनर स्वस्त का आहे, त्याचं उत्तर तिच्या नंबरात आहे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली तेव्हापासून तिथल्या मोठ्या गाड्या दक्षिणेला वाहत येतात. गाडी वाईट असतेच असं नाही. उलट कोरड्या हवेतली असल्याने खालचा पत्रा आपल्याकडच्या गाड्यांहून चांगला निघतो, आणि ते तीन लिटरचं इंजिन दणकट आहे. पण २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं पूर्ण. तिथली एनओसी आणायची, इथे नव्याने रोड टॅक्स भरायचा, नंबर बदलायचा, आणि लगेच पुन्हा पासिंगच्या रांगेत उभं राहायचं. साडेआठ लाखांचा आकडा तिथे थांबत नाही. शिवाय म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती पार्क कुठे करणार?

थारचं दुखणं वेगळं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या भाड्याच्या गाड्या आपण रोज बघतो. त्यांतली थार पर्यटक कशासाठी घेतो? किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर हंगामात कोणाची ना कोणाची गाडी वाळूत रुतलेली आणि भरतीचं पाणी दारापर्यंत आलेलं दिसतं. खाऱ्या पाण्यात एकदा बुडालेली गाडी वरून कितीही धुतली तरी आतून खात राहते. दुसरं म्हणजे, चार दिवसांसाठी गाडी घेतलेल्या पोराला लिव्हर कशाचा हे ठाऊक नसतं. तो फोर एचमध्ये, म्हणजे लो नसलेल्या फोर व्हीलमध्ये, टाकून कोरड्या डांबरावरून पणजीपर्यंत जातो. अशा गाड्यांत पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी घट्ट जोडली जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, ते त्यांना करता येत नाही, मग पीळ ट्रान्सफर केसमध्ये साठतो. असे शंभर पर्यटक झाले की काय उरत असेल? पाटी पांढरी करून घेतली तरी आरसीचा इतिहास पुसत नाही. सरकारच्या वाहन पोर्टलवर नंबर टाका आणि मालक किती झाले, कर्जाचा बोजा आहे का, सगळं बघा.

गाडी कोणतीही निवडा, बघायला पावसात जा. उन्हात धुऊन उभी केलेली गाडी लग्नाच्या मांडवातल्या नवऱ्यासारखी असते, सगळेच चांगले दिसतात. पावसात छताची गळती कळते, दाराचं रबर कळतं, काचेवर धुकं धरलं की एसी कळतो. आणि घसरडी जागा शोधावी लागत नाही.

मी स्वतः फसलो आहे, म्हणून सीटबेल्टबद्दल सविस्तर सांगतो. २०२० मध्ये घाटावरून एक गाडी घेतली. एकहाती, कमी फिरलेली, आत सुगंधी फवारा मारलेला. विकणारा सभ्य होता, चहा पाजला. पहिल्या पावसात वायपर आपोआप सुरू व्हायला लागले. मग मागच्या दाराची काच मधूनच खाली जायची. आमच्या मेस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली, आत बसले आणि मागचा सीटबेल्ट ओढायला लागले. ओढत राहिले, शेवटच्या टोकापर्यंत, जिथवर कोणी कधी ओढत नाही. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती, सरळ, पट्टीने आखल्यासारखी. पाणी तिथवर आलं होतं. आदल्या वर्षी सांगली-कोल्हापूरला पूर आला होता, हे तेव्हा मला आठवलं. गाडी पुसतात, गालिचा बदलतात, सीट धुतात, पण गुंडाळीतला पट्टा बाहेर काढून धुवायचं कोणाला सुचत नाही. २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, त्याच आठवड्यात आपल्या सत्तरी-डिचोलीतही म्हादई घरांत शिरली. तेव्हा गाडी लांबची असो की जवळची, पाचही पट्टे ओढून बघा. दुसरं, सीट ज्या बोल्टांनी जमिनीला धरलेली असते ते बोल्ट बघा. तिथे तांबूस पावडर दिसली तर नमस्कार करून निघा.

मग गाडी लिफ्टवर चढवायची. लिफ्ट नको म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नये, त्यात काहीतरी असतंच. खाली गेलात की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिसवर किंवा दाराखालच्या सिलवर टकटक करत जा. शाबूत लोखंड खणखणतं, गंजलेलं बोदं वाजतं. ताजा काळा रंग दिसला तर जास्त ठोका. मागच्या डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरपेटीचा) तेल भरायचा बोल्ट मेस्त्रीला सैल करायला सांगा आणि तेलात करंगळी बुडवा. तेल तेलासारखं असेल तर ठीक. चहात दूध घातल्यासारखं असेल तर आत पाणी गेलंय, म्हणजे गाडी कुठल्यातरी नदीत उभी राहिली होती. फोर बाय फोर गाडीत हे सगळ्यात आधी बघावं, आणि सगळ्यात कमी लोक बघतात. टायरवर चार आकडे गोलात कोरलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचा टायर नक्षी कितीही खोल असली तरी कडक झालेला असतो आणि ओल्या चिऱ्यावर धरत नाही.

चालवताना ओली माती असलेली एक चढण शोधा. साखळी-डिचोलीकडे जुन्या खाणींच्या वाटा आहेत, पण खाजगी जागेत विचारल्याशिवाय शिरू नका. फोर व्हील टाका, हळू चढा, अर्ध्यात थांबा, परत उचला. क्लचचा वास येतो का, पुढून कटकट येते का, दिवा लागतो पण ताकद लागते का? काही गाड्यांत मालकाने चार वर्षांत तो खटका एकदाही फिरवलेला नसतो आणि आतली मोटर जाम झालेली असते. मग तुम्ही फोर बाय फोरचे पैसे देता आणि घरी नेता टू व्हील ड्राइव्ह.

कागदांचं थोडक्यात. गोव्याची गाडी असेल तर २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, बाहेरची असेल तर २८ ची एनओसी आधी हातात, बँकेचा बोजा असेल तर ३५. पूर्ण पैसे ट्रान्सफर झाल्यावर द्या, ‘नंतर करू’ म्हणणाऱ्याला नाही. विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक धरून चाला.

साडेनऊतले निदान एक लाख बाजूला काढा. चार टायर, बेल्ट, सगळी तेलं, ब्रेक पॅड. आणि त्यातून काही उरलं तर सिमेंट घ्या. मी गंमत करत नाही. घराच्या चढणीवर चाकांपुरते दोन पट्टे काँक्रीटचे घाला, वर झाडूने आडव्या रेघा ओढून खरबरीत करा, मध्ये गवत राहू द्या. हे मार्च-एप्रिलमध्ये, काजूच्या दिवसांत होऊन जाईल. भाऊ गावात आहे, गवंडी तो बघेल.

राहिला व्हाळ. त्यावर कोणतीच गाडी उपाय नाही, कारण चारही चाकांना ताकद दिली म्हणून गाडीचं वजन वाढत नाही, आणि दोन फूट वाहतं पाणी मोठ्या गाडीलाही उचलतं. भावाला सांगून पलीकडच्या काठाच्या चिऱ्यांवर पांढऱ्या रंगाच्या दोन रेघा मारून घ्या. खालची वाटेपासून वीतभर वर, दुसरी गुडघ्याइतकी. खालच्या रेघेपर्यंत पाणी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, न थांबता. त्याच्या वर चढलं की गाडी अलीकडे ठेवायची आणि ओसरेपर्यंत थांबायचं. वरच्या रेघेला पाणी लागलं तर चालतही जायचं नाही, म्हापशाला परतायचं. निघण्याआधी भावाला फोन करून विचारा, पाणी कुठल्या रेघेला आहे.